सतरा दिवसांचा हिशेब

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. रणजी सामन्यांच्या वेळी ते वृत्तपत्रांत छापून येते. एरवी नाशिककर त्याला ‘गोल्फ क्लब’ असेच म्हणतात. पहाटे तिथे फेऱ्या मारणारे निवृत्त गृहस्थ असतात आणि क्रिकेटचे किट खांद्यावर टाकून येणारी पंधरा-सतरा वर्षांची मुले असतात. ज्याचे नाव मैदानाला दिले आहे तो या मुलांच्याच वयाचा होता, हे आमच्या लक्षात फार उशिरा आले. इतिहासाच्या पुस्तकात भेटलेला माणूस आपल्याला नेहमी आपल्यापेक्षा मोठा वाटतो. आपले केस पांढरे झाले तरी तो मोठाच राहतो.

बहुतेक चरित्रलेखांत कान्हेरे यांची जन्मतारीख ७ जानेवारी १८९२ अशी दिली जाते. काही ठिकाणी १८९१ हे वर्षही आढळते. पहिली तारीख खरी मानली, तर २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या तेव्हा त्यांना अठरा वर्षे पूर्ण व्हायला सतरा दिवस उरले होते. आजच्या कायद्याच्या भाषेत ते ‘बालक’ ठरले असते. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांच्यासह त्यांना फाशी देण्यात आले.

हा सतरा दिवसांचा हिशेब त्या वेळी कोणी केला नाही, कारण तो करण्याचे कायद्याला काही कारणच नव्हते. तो आज करावा असे आम्हांला का वाटते, हे सांगण्यासाठी हा लेख.

त्या रात्रीचा एक तपशील आम्हांला पुन्हा पुन्हा आठवतो. जॅक्सन यांची नाशिकहून बदली झाली होती आणि त्यांच्या सन्मानार्थ किर्लोस्कर नाटक मंडळीचा खेळ लावला होता. नाटक होते देवलांचे ‘संगीत शारदा’, आणि शारदेच्या भूमिकेत होते बालगंधर्व. जॅक्सन संस्कृतचे जाणकार. लोक त्यांना ‘पंडित’ म्हणत. नाटकाचा विषय वाचकांना सांगायला नको. कोवळ्या मुलीला पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेल्या बापाची ती गोष्ट. म्हणजे माणूस कोणत्या वयात काय करण्यास योग्य होतो, हाच त्या नाटकापुढचा प्रश्न होता. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारावर गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे रण माजले होते! सरकारने आमच्या घरात वयाची रेघ ओढू नये, असे म्हणणारे त्या वेळी थोडेथोडके नव्हते. अठरा वर्षांनंतर वयाच्याच प्रश्नावरचे नाटक पाहायला जमलेल्या थिएटरात एका मुलाने पिस्तूल काढले, आणि त्याच्या वयाची रेघ कुठे ओढायची याचा विचार मात्र कोणाच्या मनात आला नाही.

कायदा तरी काय म्हणत होता? १८६० च्या भारतीय दंड संहितेत वयाच्या दोनच पायऱ्या होत्या. सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नसे. सात ते बारा या वयात, आपण काय करतो आहोत याची समज मुलाला नव्हती असे दिसले, तर तो सुटे. बारा उलटले की खुनाच्या बाबतीत मूल आणि प्रौढ एकाच तागडीत. १८९७ च्या सुधारशाळांच्या कायद्याने पंधरा वर्षांखालच्या मुलांना तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठवण्याची सोय केली होती. खुद्द इंग्लंडात १९०८ च्या बालक कायद्याने सोळा वर्षांखालच्यांची फाशी बंद झाली होती. अठराची मर्यादा तिथे १९३३ साली आली. तरीही १८८९ नंतर त्या देशात अठराच्या आतल्या कोणालाही प्रत्यक्षात फासावर चढवले गेले नव्हते. कागदावरच्या कायद्यापेक्षा प्रथा अधिक दयाळू होती. वसाहतीत मात्र कागदावरचा कायदा तेवढा आला.

शिवाय हा खटला नेहमीच्या न्यायालयात चाललाच नाही. १९०८ च्या खास कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपुढे, ज्यूरीशिवाय तो चालला. सात आरोपींपैकी तिघांना फाशी, तिघांना जन्मठेप काळे पाणी आणि एकाला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. गोळी झाडली तेव्हा कान्हेरे यांना अठरा पूर्ण झाले नसतील, तरी शिक्षा सुनावली तेव्हा झाले होते. मग वय मोजायचे कोणत्या दिवशीचे? गुन्ह्याच्या दिवशीचे, पकडल्याच्या दिवशीचे की निकालाच्या दिवशीचे? प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण स्वतंत्र भारतातही तो २००५ पर्यंत नीट सुटला नव्हता. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयापुढे हजर केल्याचा दिवस धरला होता; पाच वर्षांनी घटनापीठाने तो निर्णय फिरवून गुन्ह्याचा दिवस धरला. बारा-तेरा महिने खटला रखडला म्हणून मूल प्रौढ होत नाही, एवढी साधी गोष्ट ठरायला इतकी वर्षे लागली.

वयाइतकाच दुसरा एक हिशेब या घटनेच्या मुळाशी आहे, तो शिक्षेच्या मुदतीचा. जॅक्सन यांचा वध झाला तो बाबाराव सावरकरांना झालेल्या शिक्षेच्या संतापातून. जून १९०९ मध्ये नाशिकला बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कारण होते त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कविता. चार पानांच्या कवितांसाठी उभा जन्म, हे लोकांना सहन झाले नाही. पण राजाविरुद्ध युद्धाच्या ज्या कलमाखाली खटला भरला होता, त्यात त्या काळी दोनच शिक्षा होत्या : फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी. त्याखालची शिक्षा न्यायाधीशाच्या हातात नव्हतीच. जिथे कायदा न्यायाधीशाला निवड ठेवत नाही तिथे न्याय किती आंधळा होतो, याचे हे नाशिकमधले उदाहरण आहे.

जन्मठेप म्हणजे किती वर्षे, हे तरी कोणाला ठाऊक होते? अंदमानात ती पंचवीस वर्षांची धरली जाई; म्हणून विनायक दामोदर सावरकरांच्या दोन जन्मठेपांची पन्नास वर्षे झाली. दंड संहितेत, शिक्षेचा अंश काढायचा असेल तर जन्मठेप वीस वर्षांची धरावी, असे एक कलम होते. ते २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. प्रत्यक्षात सावरकर पन्नास वर्षांनी नव्हे तर १९२४ च्या जानेवारीत सुटले, रत्नागिरी जिल्ह्यात राहण्याच्या आणि राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर. सरकारच्या मर्जीने आणि अटींच्या दोरीने बांधलेली ती सुटका होती.

या प्रश्नाचे अखेरचे उत्तर मिळाले तेव्हाही नाशिकचा संबंध होताच. गांधीहत्येच्या खटल्यात १९४९ साली जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांना मे १९५० मध्ये पंजाबातल्या तुरुंगातून नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात आणले गेले. पुढे त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांचे गणित असे : प्रत्यक्ष भोगलेली सुमारे बारा वर्षे आणि चांगल्या वर्तणुकीबद्दल वगैरे मिळालेली २,९६३ दिवसांची सूट मिळून वीस वर्षांहून अधिक होतात, तेव्हा शिक्षा संपली, मला सोडा. १२ जानेवारी १९६१ रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेला संपूर्ण जन्म. वीस वर्षे हा केवळ अपूर्णांक काढण्याचा आकडा आहे. सूट कितीही साठली तरी सरकारने माफी दिल्याशिवाय सुटकेचा हक्क निर्माण होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढे १९६४ साली सरकारने त्यांना सोडले. त्यांच्याविषयी आणि त्यांच्या कृत्याविषयी आमचे मत काय, हा प्रश्न इथे नाही. पण देशातल्या प्रत्येक जन्मठेपेच्या कैद्याचे आयुष्य आजही त्या निकालाच्या छायेखाली आहे, मग तो कैदी कोणीही असो.

आपल्याकडे चौकाचौकात ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ असे सांगितले जाते. ते खरे नाही. १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत एक कलम घातले गेले : ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्याशिवाय सोडता येणार नाही. चौदा ही सुटकेची तारीख नाही. त्याआधी दार ठोठावायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ. दार उघडायचे की नाही ते सरकार ठरवते. मधल्या वर्षांत कैद्याला घर दिसते ते संचित रजेवर, म्हणजे फर्लोवर, किंवा अभिवचन रजेवर, म्हणजे पॅरोलवर. आईबाप वारले, बायको आजारी आहे, लेकीचे लग्न आहे, अशा निमित्तांनी काही दिवसांसाठी. याचा मूळ पाया १९५९ च्या नियमांनी घातला. ‘अभिवचन’ हा शब्द आम्हांला फार सुंदर वाटतो. परत येईन असे वचन देऊन बाहेर पडायचे आणि पाळायचे. ज्याच्या वचनावर समाजाचा काडीचाही विश्वास उरलेला नाही, त्याच्याकडूनच कायदा वचन घेतो.

याच नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. मराठी वाचकाच्या मनातले सर्वांत जिव्हाळ्याचे बालपण तुरुंगाच्या भिंतीआड कागदावर उतरले. मूल चुकते, खोटे बोलते, क्वचित चोरीही करते, आणि कोणीतरी त्याला रागावून पुन्हा जवळ घेते, एवढ्यावर ते पुस्तक उभे आहे. बालन्यायाचा कायदा याहून वेगळे काही सांगत नाही. फक्त ज्या मुलांना श्यामची आई मिळाली नाही त्यांच्यासाठी ती जागा सरकारने घ्यावी, असे तो म्हणतो. सरकार ती जागा कशी घेते, तो प्रश्न वेगळा.

त्या दिशेने पावले पडत गेली. १९२४ साली मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा झाला; १९२९ साली बोर्स्टल शाळांचा. इंग्लंडातल्या केंट परगण्यातल्या एका खेड्याचे हे नाव सोळा ते एकवीस वयाच्या गुन्हेगारांच्या सुधारगृहांना पडले, आणि नाशिकमध्ये आजही अशी बोर्स्टल शाळा आहे. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने मुलग्यांची मर्यादा सोळा आणि मुलींची अठरा ठरवली. २००० च्या कायद्याने दोघांचीही अठरा केली. १९९२ साली भारताने मान्य केलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही तीच मर्यादा होती. अमेरिकेसारख्या देशात सतरा वर्षांच्या मुलाची फाशी बंद व्हायला २००५ उजाडले, आणि खुनाच्या गुन्ह्यात अल्पवयीनाला पॅरोलशिवाय आजन्म कोंडण्याची सक्तीची शिक्षा तिथे २०१२ पर्यंत चालू होती. या बाबतीत आपण काही काळ बऱ्याच जगाच्या पुढे होतो.

मग २०१२ चा डिसेंबर आला. दिल्लीच्या त्या घटनेतला एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. तीन वर्षांनी तो सुटला आणि देश खवळला. न्यायमूर्ती वर्मा समितीने वयाची मर्यादा खाली आणू नये असे सांगितले होते. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणांतही दोन अल्पवयीन होते. २०१५ साली त्यांना तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत पाठवण्याचा आदेश झाला, तेव्हा ‘एवढेच?’ हा प्रश्न नाशिकमध्येही आम्ही ऐकला. खरे तर आमच्याच घरांत ऐकला. त्याच वर्षाच्या अखेरीस नवा कायदा आला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने घोर गुन्हा केला असेल, तर त्याची मानसिक आणि शारीरिक कुवत तपासून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा की नाही ते ठरवायचे. मात्र अशा मुलाला फाशी देता येणार नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येणार नाही, हे त्या कायद्याने राखले. विजयानंद थिएटरातल्या त्या मुलाला आजचा कायदा कदाचित प्रौढांच्या कोर्टात उभे करील. फासावर मात्र चढवू शकणार नाही.

सतरा दिवसांत माणसात असे काय बदलते, असा प्रश्न कोणी विचारील. काहीही बदलत नाही, हेच त्याचे प्रामाणिक उत्तर. अठरा ही रेघ मनमानी आहे. पण मतदानाची, लग्नाची, गाडी चालवण्याच्या परवान्याची, सगळ्याच रेघा मनमानी असतात. त्यांचा गुण एवढाच की त्या आधी ओढलेल्या असतात, समोर कोण उभा आहे हे न पाहता. ‘कुवत’ तपासायला बसलो की समोरच्याचा चेहरा दिसू लागतो, त्याची वस्ती, त्याची जात, त्याच्या गुन्ह्याची वृत्तपत्रांतली मोठी अक्षरे दिसू लागतात. गुन्हा जितका भयंकर, तितका तो करणारा मोठा माणूस असला पाहिजे, असे आपले मन परस्पर ठरवून टाकते.

याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एकाच कुटुंबातल्या सात जणांची हत्या झाली. मृतांत एक गर्भवती स्त्री आणि लहान मुलेही होती. त्या कुटुंबावर जे कोसळले त्यापुढे कायद्याची कोणतीही चर्चा तोकडी आहे, हे आम्ही विसरत नाही. आरोपींपैकी एकाला फाशी झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती कायमही झाली. २७ मार्च २०२३ रोजी त्याच न्यायालयाने राजस्थानातल्या शाळेचा दाखला ग्राह्य धरून सांगितले की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षे सहा महिन्यांचा होता, आणि त्याला सोडले. तोवर अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता, त्यातला बराच फाशीच्या छायेत. कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. त्याचे नाव आम्ही लिहीत नाही. बालकाचे नाव उघड करू नये असा कायदा आहे, आणि तो अठ्ठावीस वर्षे पाळला गेला नाही म्हणून आम्हीही पाळू नये असे होत नाही.

सुरुवातीलाच कोणी वय का मोजले नाही? मोजायला कागद लागतो. आमच्या पिढीतल्या निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून होती. शाळा जूनमध्ये उघडते आणि गुरुजींना रकाना भरायचा असतो, म्हणून. ज्यांच्या घरात जन्माची नोंद नाही, शाळेत गुरुजींनी जी तारीख लिहिली तीच खरी, आणि जे शाळेतही फार टिकले नाहीत, त्यांची मुले कायद्यापुढे उभी राहतात तेव्हा त्यांचे वय हाडांची चाचणी करून ठरवावे लागते. तिच्यातही एक-दोन वर्षांचा फरक राहतोच. सुखवस्तू घरातल्या मुलाजवळ जन्मदाखला असतो, वकील असतो आणि वय पहिल्याच दिवशी सांगणारे आईबाप असतात. रेघ सर्वांना सारखी आहे, पण आपण रेघेच्या कोणत्या बाजूला आहोत हे सिद्ध करण्याची ताकद सर्वांजवळ सारखी नाही.

आता पुन्हा कान्हेऱ्यांकडे. हा लेख लिहिताना आमच्यात एका गोष्टीवर बराच वाद झाला : त्यांना ‘ते’ म्हणावे की ‘तो’? हुतात्म्याला एकेरी म्हणणे आमच्या संस्कारात बसत नाही, म्हणून ‘ते’ लिहिले. पण आदरार्थी बहुवचनाने एक गोष्ट पुसली जाते. निजामी हद्दीतल्या औरंगाबादेत शिकणारा, कोकणातून आलेला, मिसरूड फुटलेला एक विद्यार्थी त्या ‘ते’मध्ये दिसेनासा होतो. त्याला शपथ देणारे, पिस्तूल देणारेही विशीतलेच होते. तरी निशाण धरायला पाठवला तो त्यांच्यातला लहान. सरकारने त्याला प्रौढ धरले, कारण त्याला मारायचे होते. आपणही त्याला प्रौढ धरतो, कारण आपल्याला त्याची पूजा करायची आहे. तो मूल होता, हे दोघांनाही गैरसोयीचे.

यात कान्हेरे यांच्या त्यागाला उणेपणा येतो असे आम्हांला वाटत नाही. स्वातंत्र्यलढ्याने कोवळी मुले खर्ची घातली, हे मान्य केल्याने तो लढा लहान होत नाही. त्याची किंमत मात्र आपल्याला नीट कळते. आणि ती कळली, तर उद्या वृत्तपत्रात एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाचे कृत्य वाचून आपले रक्त तापेल तेव्हा, तो आपला नायक नसला तरी, त्याच्या वयाचा हिशेब आपण मांडू. बहुधा रागातच मांडू, पण मांडू.

गोल्फ क्लबवर सकाळी नेट लावणाऱ्या मुलांना आम्ही परवा सहज विचारले, ज्याच्या नावाचे हे मैदान आहे तो केवढा असेल? एकाने थोडा विचार करून सांगितले, ‘असेल पन्नासेक वर्षांचा.’ बाकीच्यांनी मान डोलावली आणि ती मुले पुन्हा खेळायला गेली.